समाधान शिकावे लागते: ख्रिस्ती श्रद्धा आणि रोजच्या जगण्याचा ताण

ख्रिस्ती समाधानाविषयी बोलायचे झाले की पवित्र शास्त्रातला जो उतारा हमखास वाचला जातो, तो मुळात मदत पोहोचल्याची पावती आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की, ज्या स्थितीत मी आहे तीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. टंचाईत कसे राहावे हे मला कळते आणि विपुलतेत कसे राहावे हेही कळते. हे लिहिताना तो बंदिवासात होता, परंपरेनुसार रोममध्ये, इसवी सन ६० ते ६२ च्या सुमारास. त्या काळी कैद्याच्या अन्नवस्त्राची सोय बहुतेक वेळा त्याच्या नातलगांना किंवा मित्रांनाच पाहावी लागे. फिलिप्पै येथील मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाने, एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती मदत पाठवली. या कामगिरीत तो मरता मरता वाचला, आणि बरा झाल्यावर पौलाने त्याला परत धाडले ते बहुधा हेच पत्र देऊन. पत्रात देण्याघेण्याचा हिशेब आहे, पूर्वी थेस्सलनीकात असताना आलेल्या मदतीची आठवण आहे, आणि सर्व काही भरून पावल्याची पोचही आहे.

हा संदर्भ बाजूला सारून ते वाक्य सुटे वाचले, की समाधान म्हणजे कोणाचीही गरज न लागणे असा अर्थ निघतो. संदर्भासह वाचले तर चित्र पालटते. आपण समाधानी आहोत असे सांगणारा हाच माणूस, तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे चांगले केलेत, असेही त्याच दमात लिहितो. मदत घेतल्याने त्याच्या समाधानाला उणेपणा येत नाही, आणि समाधान आहे म्हणून तो मदत नाकारतही नाही. ख्रिस्ती समाधान एकट्याने साधायचे नसते, आणि आपल्याकडच्या प्रवचनांत नेमकी हीच बाजू सर्वांत कमी ऐकू येते, असे माझे मत आहे.

पौल 'शिकलो' म्हणतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. काही माणसे जात्याच शांत असतात. त्यांच्या शांतपणाला आपण समाधान म्हणतो आणि मग आपला स्वभाव तसा नाही म्हणून हातपाय गाळतो. पौल जात्या शांत मुळीच नव्हता. बर्णबा या जुन्या सहकाऱ्याशी त्याचा इतका तीव्र वाद झाला की दोघांनी वाटा वेगळ्या केल्या. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याने आपले भोग मोजून सांगितले आहेत: पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटणे, शिवाय उपासमार, थंडी आणि मंडळ्यांची रोजची काळजी. हे शिक्षण वर्षानुवर्षे चालले आणि ते कोणत्याही शिबिरात मिळाले नाही.

त्याच उताऱ्यातले पुढचे वाक्य तर फारच वापरले जाते. मला सामर्थ्य देणाऱ्या ख्रिस्ताकडून मी सर्व काही करण्यास शक्तिमान आहे, हे कॅलेंडरवर असते, मोटरसायकलच्या पुढच्या पट्टीवर असते, सीईटीच्या आदल्या रात्री मुलांच्या मोबाईलवर असते. परीक्षेला जाणाऱ्या मुलाला त्यातून धीर येत असेल तर त्यात वाईट काही नाही. मात्र पौल येथे यशाची हमी देत नसून, पोट भरलेले असो वा रिकामे, दोन्ही अवस्थांत ख्रिस्त मला उभे ठेवतो, एवढेच सांगत आहे. सीईटीत गुण कमी पडले तरी हे वाक्य खरेच राहते. किंबहुना तेव्हाच त्याचा खरा उपयोग होतो.

आता नाशिककडे पाहू. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे काम करणाऱ्या माणसाला दर काही महिन्यांनी ब्रेक मिळतो. तो मिळाला की पुन्हा कामावर घेतील की नाही याची खात्री नसते. घराचा हप्ता मात्र ब्रेक घेत नाही, आणि पाच तारखेला बँकेचा संदेश येतोच. पाथर्डी फाट्याकडे घेतलेल्या छोट्या फ्लॅटचे अप्रूप ओसरायच्या आत नात्यातल्या कोणीतरी गंगापूर रोडला मोठा घेतलेला असतो. मुलांची फी, आईचे औषध, बहिणीच्या लग्नाचे सोने ही यादी कुठेच थांबत नाही. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत, पण त्या पुरल्या असे म्हणणारे घर या शहरात अजून कोणाच्या पाहण्यात नाही.

या ताणाचा एक भाग खऱ्या टंचाईचा असतो आणि दुसरा तुलनेचा. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि ही गल्लत झाली की समाधानावरचा सगळा उपदेश फसतो. ज्याच्या घरी खरोखर रेशन संपले आहे त्याला तुलना करू नकोस असे सांगणे क्रूरपणाचे आहे. त्याला रेशन हवे. ज्याचे चालले आहे पण ज्याला शेजाऱ्याचे पाहून झोप येत नाही, त्याचे दुखणे वेगळे. दहा आज्ञांपैकी शेवटची आज्ञा या दुसऱ्या दुखण्याविषयी आहे. शेजाऱ्याचे घर, त्याची पत्नी, त्याचे दास, त्याचा बैल, त्याचे गाढव यांचा लोभ धरू नको, असे ती सांगते. चोरी, खून, व्यभिचार, खोटी साक्ष या बाहेर दिसणाऱ्या कृती आहेत. ही आज्ञा मात्र कोणाला दिसणार नाही अशा जागी, थेट मनात, हात घालते.

स्तोत्रसंहितेतील ७३ वे स्तोत्र हे या तुलनेचे सर्वांत प्रामाणिक वर्णन आहे. आसाफ नावाचा उपासनेतला गायक कबूल करतो की दुष्टांची भरभराट पाहून त्याला हेवा वाटला आणि त्याचे पाय लटपटले. त्यांना त्रास नाही, त्यांची शरीरे धष्टपुष्ट आहेत, आणि मी मात्र उगाच आपले मन शुद्ध ठेवले, इथपर्यंत तो येतो. तो सावरतो ते देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर. आपल्या उपासनेत याच्या उलट घडू शकते, हे येथे नोंदवणे भाग आहे. साक्षीच्या वेळी एकामागून एक जण उठून प्रभूने गाडी दिली, प्रभूने फ्लॅट दिला, प्रभूने मुलाला परदेशी नोकरी दिली असे सांगू लागला, की मागच्या बाकावर बसलेल्या, कामावरून नुकत्याच काढल्या गेलेल्या माणसाच्या मनात आसाफचा हेवा उपासनेतच जागा होतो. हप्ते थकले असतानाही आठवडाभर प्रभूने मला धरून ठेवले, अशी साक्ष क्वचितच ऐकू येते. ती कोणी दिली तर मंडळीला जास्त बळ मिळेल.

हेव्याचा उपाय म्हणून इच्छाच मारून टाकाव्यात का? पौलाच्या काळातील स्तोयिक तत्त्वज्ञ साधारण त्या दिशेने विचार करीत. बाहेरच्या जगावर आपला ताबा नाही, म्हणून त्यात जीव गुंतवू नये आणि स्वतःच्या विवेकावर विसंबून अढळ राहावे, असे त्यांचे सांगणे होते. पौलाला ही विचारसरणी माहीत होती. अथेन्समध्ये त्याची अशा लोकांशी गाठही पडली. पण त्याचा आधार स्वतःच्या खंबीरपणात नव्हता, आणि माणसांत जीव गुंतवण्याचे तर त्याने कधी टाळलेच नाही. एपफ्रदीत मेला असता तर मला दुःखावर दुःख झाले असते, असे तो मोकळेपणाने लिहितो. स्तोयिकाला असे लिहिणे अवघड गेले असते.

चौथ्या-पाचव्या शतकातील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने हा प्रश्न प्रेमाच्या क्रमाचा म्हणून मांडला. घर, पैसा, मुले, मान या वाईट गोष्टी नाहीत. त्यांच्यावरचे प्रेम देवाच्या जागी जाऊन बसले की माणूस अस्वस्थ होतो, कारण जे टिकणार नाही त्याच्याकडून तो न संपणारे सुख मागू लागतो. द्राक्षाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे सहज समजावे. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी केली नाही, तर वेल जिवंत राहतो, मांडवभर पसरतो, पाला माजतो, आणि घड धरत नाहीत. छाटणारा वेलाचा वैरी नसतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू स्वतःला द्राक्षवेल आणि पित्याला माळी म्हणतो, आणि फळ देणाऱ्या फांदीलाच अधिक फळ यावे म्हणून छाटले जाते असे सांगतो. इच्छांचे तसेच आहे: त्या उपटायच्या नसतात, त्यांना वळण लावायचे असते.

मात्र छाटणी वेगळी आणि गारपीट वेगळी. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस निफाड आणि आसपासच्या भागात अवकाळी पाऊस आणि गारा झाल्या. अशा रात्रीनंतर बागेत गेलेल्या माणसाला काय दिसते? पानांची चाळण झालेली असते, ओळींच्या मधल्या चिखलात घड पडलेले असतात, मणी एका बाजूने फुटून रस ओघळत असतो आणि उन्हे चढली की त्यावर माश्या घोंगावू लागतात. बांधावर येऊन ठरवलेला भाव व्यापारी फोनवरच मोडतो. सोसायटीचे कर्ज, औषधाच्या दुकानातली उधारी, मजुरांची मजुरी हे सगळे त्या चिखलातच उभे असते. अशा माणसाला 'देवाची इच्छा' एवढेच सांगून निघून जाणाऱ्याने हबक्कूकाचे पुस्तक वाचलेले नसते.

हबक्कूक हा इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरचा संदेष्टा. त्याचे पुस्तक तीनच अध्यायांचे आहे. शेवटच्या अध्यायातले शब्द प्रसिद्ध आहेत: अंजिराला फुलोरा आला नाही, द्राक्षवेलीला फळ आले नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात अन्न पिकले नाही, वाड्यात मेंढरे उरली नाहीत, गोठ्यात गुरे राहिली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. हे शब्द म्हणण्याआधी त्याने काय केले, हे सहसा कोणी सांगत नाही. पुस्तकाची सुरुवात तक्रारीने होते. हे परमेश्वरा, मी किती वेळ आरोळी मारू आणि तू ऐकणार नाहीस? देवाचे पहिले उत्तर त्याला पटत नाही, म्हणून तो पुन्हा प्रश्न करतो आणि मग पहाऱ्याच्या बुरुजावर जाऊन, आता हा काय म्हणतो ते पाहतो, अशा पवित्र्यात उभा राहतो. आनंदाचे गीत या भांडणानंतर येते. त्यातही तो नुकसान लहान करून सांगत नाही. एकेक पीक, एकेक जनावर नाव घेऊन मोजतो. समाधानी माणूस हिशेब विसरतो असे नाही. तो पूर्ण हिशेब मांडतो, आणि तरीही देवाशी असलेले नाते त्या हिशेबाच्या बाहेर ठेवतो.

म्हणून तक्रार आणि समाधान यांचे वैर नाही. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी मोठा भाग विलापाचा आहे, आणि खुद्द येशूने गेथशेमाने बागेत हा दुःखाचा प्याला टळो अशी प्रार्थना केली. पौलाने आपल्या देहातला काटा, म्हणजे सतत छळणारा एक त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे असे उत्तर मिळाले. मागितले म्हणून कोणाचाही विश्वास कमी ठरला नाही.

समाधानाचा सर्वांत मोठा दुरुपयोग दुबळ्यांना गप्प बसवण्यासाठी होतो. लूकाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील 'आपल्या पगारात तृप्त असा' हे वाक्य पगारवाढ मागणाऱ्यांच्या तोंडावर फेकलेले अनेकांनी ऐकले असेल. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने ते कोणाला सांगितले होते? शिपायांना. कोणावर जुलूम करू नका, खोटे आरोप करून पैसे उकळू नका, आपल्या पगारात भागवा, असा तो पूर्ण उपदेश आहे. म्हणजे हातात शस्त्र आणि सत्ता असलेल्या माणसाने इतरांना लुबाडू नये यासाठी तो दिला गेला. मजुराविषयी बोलताना शास्त्राचा सूर वेगळा असतो. याकोबाचे पत्र धनवानांना बजावते की तुमच्या शेताची कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड प्रभूच्या कानी गेली आहे. ठेकेदाराने ओव्हरटाइमचे पैसे दाबले असतील तर ते मागणे, संघटित होऊन मागणे, कामगार आयुक्तांकडे जाणे यांत ख्रिस्ती समाधानाला बाध येईल असे काहीही नाही.

गुलामांविषयीही पौल असेच लिहितो. तू दास असताना विश्वासात बोलावला गेलास तर त्याची चिंता करू नको, पण मोकळे होता येत असेल तर ती संधी अवश्य साध. नाशिकला या वाक्याचा एक विस्मृतीत गेलेला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या शरणपुरात, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले आणली जात. तेथे ती लिहायला-वाचायला आणि सुतारकी, लोहारकी यांसारखे धंदे शिकत. त्यांच्यापैकी काही जण स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या आफ्रिकेतील मोहिमेत गेले. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याचा देह शेकडो कोस पायी किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत शरणपुरात शिकलेला जेकब वेनराइट होता, आणि एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या दफनविधीलाही तो हजर होता. त्या मिशनच्या शिस्तीवर आणि वडीलकीच्या सुरावर आज टीका करता येईल. पण या मुलांना साखळदंडातच समाधान माना असे कोणी सांगितले नाही, हे महत्त्वाचे आहे. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या ख्रिस्ती माणसाला तरी हे माहीत असावे.

दुसऱ्या टोकाचा दुरुपयोगही आहे. जितके दान द्याल तितका आशीर्वाद मिळेल, कर्ज अमुक दिवसांत फिटेल, अशा घोषणा करणाऱ्या सभांत अस्वस्थतेलाच विश्वास म्हटले जाते. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायातील आगूराची प्रार्थना अशा सभेत कधी ऐकू येत नाही: मला दारिद्र्य देऊ नको, श्रीमंतीही देऊ नको, मला लागेल तेवढे अन्न दे. श्रीमंत झालो तर परमेश्वर कोण असे विचारीन, आणि दरिद्री झालो तर चोरी करीन, अशी दोन्ही भये तो सारख्याच गांभीर्याने मांडतो.

शरीराविषयी थोडे. पवित्र शास्त्रातील '१ राजे' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. त्याच्यासारख्या संदेष्ट्यालाही हे घडले. देवदूत त्याला उपदेश करीत नाही. झोपू देतो, उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. देवाशी संवाद त्यानंतर, होरेब डोंगरावर होतो. ज्याला कित्येक आठवडे झोप लागत नाही, कशातच रस वाटत नाही, मरणाचे विचार येतात, त्याने मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे आणि मंडळीने त्याला घेऊन जावे. प्रार्थना त्याच्या सोबतीने चालू राहू शकते. विश्रांतीच्या दिवसाची आज्ञाही शरीरासाठीच आहे, आणि ती मालकापुरती नाही. 'अनुवाद' या शास्त्रातील पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात दासदासी, बैल, गाढव आणि परके यांनाही विसावा द्यावा असे स्पष्ट म्हटले आहे. रविवारी घरातल्या सगळ्यांनी उपासनेला जावे आणि आईने परत येऊन चार जणांचा स्वयंपाक एकटीने करावा, हा शब्बाथ नव्हे.

रोजच्या सरावासाठी चर्चच्या परंपरेत साधे मार्ग आहेत. नाशिकरोडचे बाळ येशूचे देऊळ ज्या येशूसंघाशी जोडलेले आहे, त्याचा संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) याने दिवसाचे परीक्षण करण्याची पद्धत घालून दिली. त्याची सुरुवात चुकांपासून न करता मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार मानून करावी, मग दिवस घडला तसा पाहावा, कुठे चुकलो ते पाहून क्षमा मागावी, आणि उद्यासाठी मदत मागावी. यात क्रम महत्त्वाचा आहे. थकलेला माणूस झोपण्यापूर्वी आपोआप काय राहून गेले याचीच उजळणी करतो.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर आज मागतो, आणि मागतो ती 'आम्हांस', म्हणजे सर्वांसाठी. तिच्यामागे 'निर्गम' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातील मान्न्याची, म्हणजे इस्राएली लोकांना देवाने दिलेल्या अन्नाची, गोष्ट आहे. अरण्यात रोज सकाळी लागेल तेवढाच गोळा करायचा होता. ज्यांनी सकाळसाठी उरवून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. फक्त विश्रांतीच्या दिवसासाठी आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती. यावरून बचत करू नये, विमा काढू नये असा अर्थ काढणे चूक आहे. त्याच प्रसंगात म्हटले आहे की ज्याने पुष्कळ गोळा केले त्याला जास्त झाले नाही आणि ज्याने थोडे गोळा केले त्याला कमी पडले नाही. यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी मदत गोळा करताना पौल हेच वाक्य करिंथकरांना लिहितो आणि त्याचा अर्थ उघड करतो: आज तुमच्या विपुलतेतून त्यांची उणीव भरावी, उद्या त्यांच्या विपुलतेतून तुमची.

आपल्याकडे अनेक मंडळ्यांत हंगामाच्या आभाराच्या उपासनेत कांदे, मका, द्राक्षे, कोंबड्या, घरचे लोणचे असे सारे वेदीपुढे आणतात आणि नंतर लिलाव होतो. एखाद्या आजीची लोणच्याची बरणी कोणीतरी चढ्या बोलीने घेतो आणि पुन्हा लिलावात ठेवतो. ती तीनतीनदा विकली जाते आणि सगळे हसतात. या पैशांतला ठरावीक हिस्सा मंडळीतल्या ज्यांचे काम सुटले आहे, ज्यांची जूनची फी अडली आहे, अशांसाठी बाजूला काढता येईल. नावे पाळक (मंडळीचे धर्मगुरू) आणि मंडळीतले दोन जबाबदार वडीलधारे यांच्यापलीकडे जाऊ नयेत, रक्कम मात्र वार्षिक हिशेबात दाखवावी. पौलानेही यरुशलेमेची वर्गणी तीत या आपल्या सहकाऱ्याबरोबर दुसऱ्या माणसांच्या देखरेखीत पाठवण्याची व्यवस्था केली, आणि त्याचे कारण असे दिले की एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणालाही आमच्याकडे बोट दाखवायला जागा राहू नये.